दोनशे अठ्ठ्याऐंशी जागांचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर मुलांना नागरिकशास्त्र शिकविले, आणि पाठ्यक्रमात ज्या विषयाला सर्वांत कमी गुण त्याच विषयाला त्यांनी सर्वांत अधिक वेळ दिला, हे आपणांपैकी त्यांच्या विद्यार्थ्यांना मी सांगावयास नको. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी नागरिकशास्त्रातलाच एक विषय निवडला आहे. आपल्या राज्याच्या विधानसभेत किती माणसे बसतात, ती कोठून येतात, आणि कोणत्या हिशेबाने तेथे येतात, हा तो विषय होय. विषय वरकरणी रुक्ष आहे हे मी जाणतो. निवडणूक आली की आपण उमेदवाराविषयी बोलतो, पक्षाविषयी बोलतो, कोण पडेल आणि कोण निवडून येईल याविषयी रात्ररात्र बोलतो. परंतु ज्या मतदारसंघात तो उमेदवार उभा आहे त्याची शीव कोणी आखली, अमुक तालुका अमुक तालुक्याला का जोडला, अमुक जागा राखीव का झाली, हे विचारणारा माणूस शंभरांत एखादाच भेटतो. मतदानाच्या दिवशी आपण जो कौल देतो तो आधी आखून ठेवलेल्या चौकटीत देतो. ती चौकट आखली जात होती तेव्हा आपण कोठे होतो? आज मला हाच एक प्रश्न आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

कायद्याची मांडणी थोडक्यात सांगून पुढे जातो. संविधानाच्या १७० व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या विधानसभेत साठांहून कमी आणि पाचशेंहून अधिक सदस्य असू नयेत. गोव्यासारख्या छोट्या राज्यांसाठी यात निराळी तरतूद आहे, म्हणून गोव्याचे सभागृह चाळीसांचे आहे. महाराष्ट्राची संख्या २८८. सदस्य भारताचा नागरिक असावा आणि त्याच्या वयाची पंचवीस वर्षे पुरी झालेली असावीत. शिक्षणाची, मालमत्तेची, कुळाची कोणतीही अट नाही. सभागृहाची मुदत पाच वर्षे, गणपूर्ती एक दशांशाची, म्हणजे आपल्याकडे २९ जणांची, आणि २००३ च्या घटनादुरुस्तीपासून मंत्रिमंडळ एकंदर सदस्यांच्या शेकडा पंधरांहून मोठे असता कामा नये, म्हणजे ४३. विधान परिषदेतील ७८ जागा आमदार, स्थानिक संस्था, पदवीधर, शिक्षक आणि राज्यपाल अशा पाच वाटांनी भरल्या जातात. विधानसभेला वाट एकच, आणि ती म्हणजे गावोगावच्या मतदाराची. आता ही एकच वाट राहावी यासाठी किती काळ जावा लागला, ते पाहू.

मुंबई इलाख्याचे पहिले कायदेमंडळ १८६२ च्या जानेवारीत बसले, तेव्हा त्यात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. जगन्नाथ शंकरशेट तेथे बसले ते सरकारच्या नेमणुकीने. पुढे निवडणुकीचे तत्त्व थेंबाथेंबाने आले. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली जी मुंबई प्रांताची विधानसभा अस्तित्वात आली तिची घडण मी आपणांपुढे सविस्तर ठेवणार आहे, कारण त्या काळचे राज्यकर्ते समाजाकडे कसे पाहत होते ते त्यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा या यादीत स्वच्छ दिसते. एकंदर जागा १७५. त्यांत सर्वसाधारण ११४. या ११४ पैकी १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखलेल्या. मागास टोळ्यांना १. मुसलमानांना २९. अँग्लो-इंडियनांना २, युरोपियनांना ३, देशी ख्रिश्चनांना ३. व्यापार-उद्योगाला ७, जमीनदारांना २, विद्यापीठाला १, मजुरांना ७. आणि स्त्रियांना ६, त्यांतही एक जागा मुसलमान स्त्रीची. बेरीज करून पाहा, १७५ भरते.

या यादीत समाज म्हणजे गटांची मांडणी आहे. नागरिक म्हणून सुटा माणूस तीत कोठेच नाही. गिरणीमालक मालक म्हणून तेथे आला, मजूर मजूर म्हणून आला, पदवीधर पदवीधर म्हणून आला. साऱ्या प्रांतातल्या आदिवासींना मिळून एक जागा आणि व्यापार-उद्योगाला सात, हे प्रमाण पाहिले म्हणजे त्या तराजूचा काटा कोणीकडे झुकला होता ते निराळे सांगावे लागत नाही. शिवाय मताचा हक्क मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांवर बांधलेला. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार झाले ते सुमारे तीन कोटी. शेतमजूर मोठ्या संख्येने त्या याद्यांच्या बाहेरच राहिला.

आणि तरीदेखील, श्रोतेहो, त्या अपुऱ्या सभागृहातही कोण बसले यावरून काय बोलले जाईल हे ठरले. त्याहीपूर्वीचा एक दाखला घ्या. १९२३ च्या ऑगस्टात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या व्हाव्यात. तो ठराव संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे त्या तळ्यावर गेली. महाडच्या सत्याग्रहामागे कायदेमंडळातला एक ठराव उभा होता, ही गोष्ट आपण विसरतो. पुढे १९३७ साली बाबासाहेब स्वतः विधानसभेत निवडून आले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी कोकणातील खोतांची जमीनदारी, म्हणजे खोती, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी हजारोंनी कौन्सिल हॉलवर चालून आले. विधेयक त्या सभागृहात मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. पण खोताच्या दारातला प्रश्न सरकारदरबारी नोंदला गेला तो तेथे त्या माणसांना जागा होती म्हणून. जमीनदारांसाठी दोन जागा मुद्दाम राखणाऱ्या सभागृहाकडून तो आपोआप निघाला असता काय?

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदानाने ही सारी जुनी मांडणी एका फटकाऱ्यात मोडली. १९५२ च्या निवडणुकीत मालक आणि मजूर एकाच रांगेत उभे राहिले. संविधान सभेने संविधान स्वीकारले त्या दिवशी राजेंद्रप्रसादांनी आमदार-खासदारांच्या पात्रतेविषयी काही अटी घालता आल्या नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला होता. त्या थोर पुरुषाविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की, अटी घातल्या नाहीत हेच बरे झाले. ज्या देशात शाळेचे दार बहुसंख्यांना शतकानुशतके बंद होते तेथे शिक्षणाची अट घालणे म्हणजे त्या बंद दाराला आणखी एक कडी घालणे झाले असते.

यानंतरचा इतिहास आपल्या भाषेच्या इतिहासाशी गुंतलेला आहे. १९५२ साली मराठी माणसे तीन निरनिराळ्या विधानसभांत बसत होती: पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातली मुंबईत, विदर्भातली नागपुरास, मराठवाड्यातली हैदराबादेस. तीन ठिकाणची कामकाजाची रीत निराळी, महसुलाची पद्धत निराळी, दफ्तराची भाषासुद्धा निराळी. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि विदर्भाचे आठ जिल्हे विशाल द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १९५७ च्या निवडणुकीने ३९६ सदस्यांचे सभागृह जन्मास आले. १ मे १९६० रोजी त्यातून १३२ सदस्य गुजरातचे म्हणून निराळे झाले आणि २६४ महाराष्ट्राचे म्हणून राहिले. नव्या राज्याची पहिली विधानसभा अशी वाटणीतून आली. तिच्यासाठी वेगळी निवडणूक झाली नाही. त्या सभागृहाचे पहिले अध्यक्ष सयाजी सिलम, आणि १९६२ पासून पुढची दहा वर्षे बाळासाहेब भारदे. तीन ठिकाणांहून आलेल्या त्या माणसांनी एकत्र बसून एक राज्य चालवावयास शिकणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि ती त्यांनी केली. १९५३ च्या नागपूर कराराला जागून दरवर्षी एक अधिवेशन नागपुरास भरते, त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे की या सभागृहात तीन वाटांनी माणसे आली आहेत आणि कोणालाही आपण पाहुणे आहोत असे वाटता कामा नये.

संख्या पुढे वाढत गेली. १९६७ साली २७०, आणि १९७१ च्या खानेसुमारीच्या आधारे १९७८ पासून २८८. तेथे ती थांबली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २००० नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत जागांची संख्या गोठविली, आणि ती मुदत संपत आली तेव्हा नव्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत लांबविली. हेतू चांगला होता: ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे संसदेतले बळ घटू नये. पण त्या हेतूसाठी लोकसभेबरोबर प्रत्येक राज्याची विधानसभाही बांधून टाकली गेली. परिणाम पाहा. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख; एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसे. २०११ साली ती ११ कोटी २४ लाख; एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरतात ना, ते याच १९७१ च्या पावणेदोन लाखांतून आलेले आहे. म्हणजे आमदाराच्या मताचा हिशेब अजून त्या जुन्या माणसांवर चालतो आणि आमदाराच्या दारात उभी राहतात ती आजची माणसे. विधेयके वाचावीत, अंदाजपत्रकाची पाने चाळावीत, समितीच्या बैठकीला तयारी करून जावे, अशी अपेक्षा आपण ज्याच्याकडून करतो त्याच्या दारात दुपटीहून अधिक गर्दी उभी केल्यावर त्याचा दिवस कोठे जाणार? सभागृह मोठे झाले की चर्चा पातळ होते असे काही जाणते म्हणतात. मला ते पटत नाही. घटनेने पाचशेंची मर्यादा घातली आहे ती वाढीला वाव राहावा म्हणूनच.

आता मी ज्या मुद्द्यापाशी थोडे अधिक थांबणार आहे तो राखीव जागांचा. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यास पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा ही रीत पडली. प्रारंभीच्या निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन सदस्य येत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९६१ च्या कायद्याने ते द्विसदस्य मतदारसंघ गेले आणि प्रत्येक जागेचा एकच धनी झाला. राखीव जागा किती, तर लोकसंख्येच्या प्रमाणात. हे तत्त्व ऐकावयास निर्दोष आहे. पण लोकसंख्या मोजताना कोणाला मोजावयाचे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्या दिवशी त्यांनी आपल्या माथ्यावरचा कलंक स्वतःच्या हाताने पुसला त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ती अनुसूचित जातींत राहिली नाहीत, कारण अनुसूचित जातींचा आदेश तेव्हा हिंदू आणि शीख यांच्यापुरताच होता. त्यांची वस्ती तीच, गावकुसाबाहेरची. त्यांना मिळणारी वागणूक तीच. पण खानेसुमारीच्या तक्त्यात ती दुसऱ्या रकान्यात गेली. १९७१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा सहा भरले, आणि त्या हिशेबाने २८८ पैकी १८ जागा राखीव झाल्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. १९९१ च्या खानेसुमारीत प्रमाण एकदम शेकडा अकरांवर गेले. परंतु जागा गोठविलेल्या होत्या! माणसे मोजली गेली आणि खुर्च्या होत्या तेवढ्याच राहिल्या. २००१ च्या खानेसुमारीच्या आधारे न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने मतदारसंघांची पुनर्रचना केली, तिचा आदेश २००८ साली निघाला, आणि २००९ च्या निवडणुकीत या जागा १८ वरून २९ झाल्या. अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५.

१९५६ पासून २००९ पर्यंत किती वर्षे झाली ते आपणच मोजावे. दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर असलेले मूल तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते. अकरा जागा कमी असणे म्हणजे अकरा माणसांनी उभे राहून विचारावयाचे प्रश्न न विचारले जाणे. आणि ते एका अधिवेशनात नव्हे, तीस वर्षांच्या प्रत्येक अधिवेशनात. मला या राज्याच्या सांसदीय इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. हा अन्याय करण्यासाठी कोणाला सभागृहात दुष्ट भाषण करावे लागले नाही. एका आदेशातली व्याख्या आणि एका दुरुस्तीतली मुदत, एवढी दोन कागदपत्रे पुरली.

त्याच पुनर्रचनेत राज्याचा नकाशाही हलला. मुंबई शहराच्या जागा सतरांवरून दहा झाल्या आणि उपनगरांच्या सतरांवरून सव्वीस. विदर्भाच्या ६६ होत्या, त्या ६२ उरल्या. रत्नागिरी जिल्ह्याच्या सातांच्या पाच आणि सिंधुदुर्गाच्या चारांच्या तीन झाल्या. खेड आणि संगमेश्वर ही मतदारसंघांची नावेच यादीतून गेली. लोकसंख्येच्या न्यायाने हे बरोबर आहे. अविभक्त ठाणे जिल्ह्यात २०११ च्या हिशेबाने एका आमदारामागे ४ लाख ६० हजार माणसे आहेत आणि सिंधुदुर्गात पावणेतीन लाखांहून थोडी अधिक, तेव्हा पुढच्या वाटणीत ठाण्याला आणखी मिळेल आणि तळकोकणाचे आणखी जाईल, हे उघड दिसते. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढली तर नाहीच, उलट घटली. ती माणसे गेली कोठे? ती मुंबईत आणि ठाण्यातच गेली. ज्या गावाने आपली धडधाकट मुले शहराला दिली त्या गावाचा आवाजही त्यांच्या पाठोपाठ शहरास जातो, आणि मागे राहिलेल्या वृद्धांच्या वाट्याला आधीच्यापेक्षा लांबचा आमदार येतो. गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, त्याला तीन सदस्य. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सहाशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, त्यांना छत्तीस. डोकी मोजली तर दोहोंकडे आमदारामागे साडेतीन लाखांच्या आसपास माणसे, म्हणजे मताच्या तराजूत अन्याय नाही. पण एकाला मतदारसंघ फिरावयास रेल्वेचा पास पुरतो आणि दुसऱ्याला पावसाळ्यात नद्या ओलांडाव्या लागतात. एक माणूस, एक मत, हे तत्त्व मी प्राणपणाने मानतो. तरीही अंतर, जंगल आणि डोंगर यांचा काही विचार आखणी करताना झाला पाहिजे, आणि कायद्यात दळणवळण आणि लोकांची सोय पाहण्यास सांगितलेले आहे, ते आखणाऱ्यांनी मनापासून पाहिले पाहिजे.

स्त्रियांविषयी मी थोडेच बोलणार आहे, कारण तेथे युक्तिवादाला फारसे स्थानच नाही. १९३७ च्या सभागृहात १७५ पैकी ६ जागा स्त्रियांच्या म्हणून ठरलेल्या होत्या. २०१९ च्या निवडणुकीत २८८ पैकी २४ स्त्रिया आल्या. ऐंशीहून अधिक वर्षांत एवढीच मजल. मृणाल गोरे यांच्यासारखी एक बाई सभागृहात उभी राहिली तर नळाच्या पाण्याचा आणि महागाईचा प्रश्न कसा बोलला जातो ते या राज्याने पाहिले आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याचे ठरविले, परंतु तिचा अंमल खानेसुमारी आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेशी बांधला. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत महाराष्ट्राने स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या त्या २०११ सालीच. कारभाराचा अनुभव घेतलेल्या हजारो स्त्रिया तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांना आणखी थांबावयास सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता शेवटचे, आणि माझ्या मते अत्यंत निकडीचे. पुनर्रचना कोण करते? २००२ च्या कायद्याप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेला आयुक्त, आणि राज्याचे निवडणूक आयुक्त, असा तिघांचा आयोग. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, परंतु त्यांना मत नाही. आयोगाचा आदेश एकदा निघाला की त्यात विधानसभा बदल करू शकत नाही, संसद करू शकत नाही, आणि घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे त्याविरुद्ध न्यायालयात सहजासहजी जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच हे स्पष्ट केले आहे. नागरिकाला दार उघडे असते ते एकदाच: आयोग आपला मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो आणि जाहीर बैठका घेतो, तेव्हा. त्या बैठकांना पक्षांचे कार्यकर्ते जातात, इच्छुक उमेदवार जातात, त्यांचे वकील जातात. शिक्षक जातात काय? ग्रामसभा ठराव पाठविते काय? ज्या पाड्याचे मतदान केंद्र नदीपलीकडे पडणार आहे तेथला कोणी जातो काय?

खानेसुमारी येत आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झालेली आहे, आणि तिच्यामागून मतदारसंघांची आखणी आज ना उद्या येईल. म्हणून या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गणक दारी येईल तेव्हा घरातल्या प्रत्येक माणसाची, जातीची आणि धर्माची खरी नोंद करून घ्या. मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा आपल्या तालुक्याचा नकाशा समोर ठेवून तो गावाच्या नावांसह वाचा. जेथे गाव चुकीच्या बाजूस गेले असेल, राखीव जागेचा हिशेब जुळत नसेल, तेथे मुदतीच्या आत लेखी हरकत पाठवा, तिची पोच घ्या, आणि जाहीर बैठकीच्या दिवशी स्वतः हजर राहा.